परसातला गड्डा

ताई घरातून गेली तेव्हा तिची धुणी दोरीवर ओलीच होती. ओट्यावर तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरली होती. थंडीचे दिवस. वांगी रंगाची, कडेला झालर असलेली शाल अंगावर घेऊन ती भर दुपारी मागच्या दारानं बाहेर पडली, आणि जी गेली ती गेलीच. हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती.

तिचे यजमान, म्हणजे धाकटीचे भावजी, त्या वेळी पुढच्या खोलीत काच घासत बसले होते. चष्म्याच्या काचा घासून देणं हा त्यांचा धंदा, आणि पुढची खोली हेच त्यांचं दुकान. दिवसभर तिथं चाक फिरायचं, दाताखाली वाळू आल्यासारखा आवाज यायचा आणि काचेची पांढरी भुकटी टेबलावर, बाह्यांवर, भुवयांवर बसायची. माणूस कामाला चोख. बोलण्याच्या नावानं मात्र शून्य. गिऱ्हाइकाला "वाचून दाखवा" आणि "आता?" एवढे शब्द पुरत. बायकोला बहुधा तेवढेही लागत नसत.

दिवेलागणीला ते धाकटीच्या दारात आले. "इथं आलीय का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवून परत गेले. पुढं चौकीवर सांगून झालं, नातेवाइकांकडे चौकशी झाली, स्टेशन, दवाखाने पाहून झाले. ताईचा माग लागला नाही तो नाहीच.

धाकटी ही ताईच्या पाठची बहीण. घरात सगळे तिला धाकटी म्हणत, आणि ज्या शर्टांच्या दुकानात ती काजं-बटणं करायला जाई तिथंही तेच नाव पोचलं होतं. केसांत पांढरं दिसू लागलं तरी ती धाकटीच. तिच्यामागं नवरा नव्हता, पोर नव्हतं, तेव्हा आईनं तिलाच गाठलं.

"भांडणारा पुरुष परवडला," आई म्हणाली. "हा कधी भांडलाच नाही. मला असल्यांचंच भय वाटतं. तू जाऊन राहा तिथं. जेवणखाण बघायला आले म्हणावं. आणि डोळे उघडे ठेव."

"आणि मलाही काही केलं त्यांनी, म्हणजे?"

"तुला काय करतोय! तुझं तोंड केवढं आहे, साऱ्या आळीला ऐकू जाईल."

अशी धाकटी ताईच्या घरात राहायला आली. मागच्या खोलीत तिनं आपली वळकटी टाकली. खोलीला एक खिडकी होती आणि ती परसात उघडत होती.

डोळे उघडे ठेवले, पण दिसणार काय? भावजी पानात पडेल ते खात. मीठ कमी पडलं तरी बोलत नसत, जास्त झालं तरी नाही. ताईचे कपडे कपाटात जसेच्या तसे होते. तिच्या कंगव्यात तिचे केस होते. धाकटी घर झाडायच्या निमित्तानं कानाकोपरा धुंडाळून मोकळी झाली. रक्ताचा डाग नाही, कुणाचा फोन नाही. संशय घ्यायला जागा नव्हती आणि तोच मोठा संशय होता.

एक गोष्ट मात्र होती. परसात धुण्याच्या दगडापलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात थोडी मोकळी जमीन होती. तिथं गवतही नव्हतं. धाकटीला वाटलं, कोथिंबीर-पुदिना लावावा, रोज विकत कशाला आणायचा? ती खुरपं घेऊन बसली न बसली तोच पुढच्या खोलीतलं चाक थांबलं. भावजी मागच्या दारात आले होते.

"तिथं नको."

"का? ऊन चांगलं येतं की इथं."

"तिथं नको म्हटलं ना!"

आवाज चढलेला तिनं पहिल्यांदाच ऐकला. खुरपं ठेवून ती मुकाट उठली. त्यानंतर तिच्या लक्षात आलं, की रोज चहाचा कप घेऊन भावजी परसात जातात आणि त्या कोपऱ्याकडे बघत उभे राहतात. झोपलेल्या माणसाजवळ आपण आवाज न करता उभं राहतो, तसे. पाणी घालत नसत, माती हलवत नसत. नुसते उभे. चहा संपला की आत येऊन पुन्हा चाक.

तिनं आईला फोनवर सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "रात्री कडी घालून झोपत जा."

उन्हाळा उतरणीला लागला आणि वास सुरू झाला.

धाकटीला आधी वाटलं, मोरीत उंदीर मेला. तिनं मोरी घासली, फिनेल ओतलं. दुपारपर्यंत वास एवढा वाढला, की घास तोंडाशी नेववेना. शेजारच्या काकू सामाईक भिंतीवरून डोकावल्या. नाकाला रुमाल लावलेला.

"अगं, तुमच्याकडे काही मेलंय का?"

बोलून गेल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी धाकटीकडे. आळीत जे गेले कित्येक महिने दबक्या आवाजात चाललं होतं, ते दोघींच्या मधे उघडं येऊन उभं राहिलं.

पुढं चाक फिरत होतं. कुणी म्हातारं गिऱ्हाईक काच डोळ्यांना लावून मोठ्यानं अक्षरं वाचत होतं.

धाकटी परसात गेली. माश्या घोंघावत होत्या, काळे किडे मातीवरून सरसरत होते, सगळे एकाच दिशेनं. कोपऱ्यातली जमीन फुगली होती आणि फुगून तडकली होती. आत कुणी कूस बदलावी तशी. त्या भेगेत काहीतरी दिसत होतं. ती जवळ गेली, खाली बसली. मातीनं भरलेली, चुरगळलेली, वांगी रंगाची झालर.

खुरपं कुठं होतं ते आठवेना. तिनं हातानंच माती बाजूला सारायला घेतली. ती ताईच्या शालीची झालर आहे अशी तिची इतकी खात्री होती, की बोटांना ती कापडासारखी न लागता ओलसर मांसासारखी लागली तरी मन मानेना. तिनं हात आणखी आत घातला. आत काहीतरी उभं होतं, गुळगुळीत, गोलसर, मुठीत मावणार नाही एवढं.

आणि ते ऊन होतं. तापानं फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारखं.

धाकटी किंचाळली. आई म्हणाली होती ते खोटं नव्हतं, साऱ्या आळीला ऐकू गेलं.

नंतर काय काय झालं ते तिला सलग आठवत नव्हतं. काकूंनी भिंतीवरून आरडाओरडा केला. माणसं मागच्या दारानं आत घुसली. चौकीवरून साहेब आणि हवालदार फावडी, पहार घेऊन आले. भावजी पुढच्या खोलीतून धावत आले, गिऱ्हाइकाची काच हातातच, भुवया पांढऱ्या. कोपऱ्यात फावडं पडताना पाहिलं आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"खणू नका. पाया पडतो, तिला तिथून हलवू नका."

'तिला' म्हणाले ते. सगळ्यांनी ऐकलं. दोघांनी त्यांचे दंड धरले आणि हवालदारानं पहार मारली.

पहारीखाली हाडं लागली नाहीत. कचकन फुटलं ते घागरीएवढं, तपकिरी, खरबरीत, अंगावर गाठी असलेलं काहीतरी, आतून पांढरट गुलाबी. कुणाला काही उमगेना म्हणून त्यांनी ते आणखी फोडलं, फावड्यानं तुकडे तुकडे केले. शेवटी काकूच नाकावरचा रुमाल काढून पुढं झाल्या. "अहो, हा तर सुरणाचा गड्डा! आणि वरचं हे त्याचं फूल. फुलाला असाच घाण वास येतो. माझ्या माहेरी मळ्यात यायचं कधीमधी."

"मग गरम कसं?" धाकटीनं विचारलं.

"होतं गरम. वास लांबवर जावा म्हणून होतं म्हणतात. त्या वासाला किडे येतात ना, त्यांचंच काम असतं त्याला."

डोंगर पोखरून उंदीर काढतात, इथं परस पोखरून सुरण निघालं. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. भीती उतरली की माणसं हसतात तसं. पण साहेबांनी तेवढ्यावर सोडलं नाही. सगळं परस कमरेएवढं खणलं, मोरीची फरशी उचकटली, धुण्याचा दगड उलथवला. काही मिळालं नाही. ते टोपी काढून "माफ करा" म्हणाले, तोवर सगळ्यांचे हात खाजायला लागले होते. खाजवून खरूज काढणं नुसतं म्हणण्यापुरतं असतं, त्या दिवशी सबंध आळीनं ते करून दाखवलं. खणणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत लाल होऊन आठवडाभर चुरचुरत होते.

सगळे गेल्यावर भावजी फावडं घेऊन परसात उतरले. खड्डे बुजवू लागले. गड्ड्याचे तुकडे त्यांनी वेगळे काढले नाहीत, मातीबरोबर आत लोटले. धाकटी दारात उभी होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तिला.

"भावजी, मला वाटलं…"

"माहीत आहे काय वाटलं ते." त्यांनी वर पाहिलं नाही. "तिनं लावलं होतं. म्हणाली, वर वाळलं तरी मेलं समजू नका. हे मूळ नाही, खोड आहे, जमिनीखाली दडलेलं. वर येतं ते नुसतं पान. अंग खालीच असतं. हलवू नका, येईल म्हणाली."

एका दमात इतकं बोलताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

काकूंना मात्र ते पटलं नाही. "हे यंदाचं लावलेलं नव्हे गं," त्या धाकटीला भिंतीपाशी हळूच म्हणाल्या. "घागरीएवढा गड्डा व्हायला वर्षं जातात. तुझी ताई या घरात यायच्या आधीपासून आत पडलेला असणार."

पुढं पाऊसपाणी झालं आणि माती हलली. आधी कोपऱ्यात एक कोंब आला, हिरवट, त्यावर फिकट डाग, सापाच्या कातीसारखे. मग दगडाजवळ दुसरा. मोरीच्या फरशीच्या सांध्यातून तिसरा. मग कुणी मोजायच्या भानगडीत पडलं नाही. बघता बघता ते माणसाच्या छातीला लागले आणि प्रत्येकानं डोक्यावर एकेक छत्री उघडली. सगळं परस भरून गेलं. खणताना काकूंच्या बाजूला भिंतीला टेकून माती टाकली होती, तिथं आले. फावडी चौकीवर नेऊन जिथं धुतली तिथल्या पायरीशीसुद्धा एक उभा राहिला. काकूंनी आपल्याकडचे उपटून टाकले. ते पुन्हा आले, एकाच्या जागी दोन-दोन.

"बटाट्यासारखंच असतं हे," काकू म्हणाल्या. "तुकड्याला डोळा असला की झालं. आपण एक होता त्याचे इतके केले." त्या हे हसत म्हणाल्या, पण त्यांनी परसाकडची खिडकी लावून घेतली ती उघडली नाही.

धाकटीला खिडकी लावून चालण्यासारखं नव्हतं, खोलीला तेवढीच हवा. दुपारी ती काजं करत बसे तेव्हा डाग असलेले ते दांडे खिडकीशी उभे असत. वारा नसतानाही एखादं पान हले. कधी वाटे, दांड्यांच्या मागं कुणी खाली बसून माती थापटतंय. ती सुई टोचून ठेवून बघायला जाई. कुणी नसे. माती मात्र ओली असे, नुकता हात फिरवल्यासारखी सपाट.

अशातच एक दिवस शर्टांच्या दुकानातल्या मालकीणबाईंनी तिला हाक मारली. "धाकटे, फोन आहे तुझा. नाव सांगत नाही."

"मी बोलतेय," पलीकडून आवाज आला.

ताईच होती. दूरच्या एका शहरात, एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करत होती. तिथंच खोली होती. बरी होती.

"अगं, सटवे!" धाकटी ओरडली, दुकानातल्या सगळ्या बायकांनी मशिनी थांबवल्या. "आम्ही तुला मेली समजून परस खणलं!"

"सांगितलं असतं तर आईनं परत पाठवलं असतं. तू नसतंस पाठवलं?"

धाकटीनं बायकांकडे पाठ केली.

"हे वाईट नाहीत गं," ताई म्हणाली. "कधी हात उचलला नाही, वावगा शब्द काढला नाही. शब्दच काढला नाही. मला ताप आला तेव्हा उशाशी पाणी ठेवलं आणि पुढच्या खोलीत जाऊन काच घासत बसले. तो आवाज ऐकत पडले आणि वाटलं, मी आताच मेले तरी हा आवाज थांबायचा नाही. बरी झाले त्याच आठवड्यात निघाले."

"आणि ते सुरण? निघताना लावून गेलीस ते?"

"कसलं सुरण?"

"परसात. तू लावलंस म्हणाले. हलवू नका म्हणून सांगितलंस."

"मी?" ताईला हसू फुटलं. "मला झाडातलं काय कळतंय? आणि सुरण मी तोंडाला लावत नाही, घसा खवखवतो. कुणी सांगितलं तुला हे?"

घरी जाताना धाकटी आधी चौकीवर जाऊन साहेबांना सांगून आली, की ताई सापडली. मग तिनं दुकानाच्या खोलीत जाऊन चाकावर हात ठेवला. भावजींनी चाक थांबवलं.

"ताई जिवंत आहे. फोन आला होता."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बरी आहे ना?"

"बरी आहे. पण ती म्हणते, सुरण तिनं लावलंच नाही. तुम्हाला काही सांगितलंही नाही."

"सांगितलं की."

"कधी?"

"गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. भावजी अगदी साध्या आवाजात, गिऱ्हाइकाला नंबर समजावून सांगावा तसं सांगत होते. "दुपारी मागं बघितलं तर बसली होती. शाल अंगावर. हातानं माती ओढत होती. तेव्हाच बोलली सगळं. मी चहा टाकायला आत आलो. कप घेऊन गेलो तर नव्हती. माती ओली होती."

"मग तेव्हाच चौकीवर का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, कधी गेली? ते सांगितलं. आली होती का, हे कुणी विचारलंच नाही."

"भावजी, ती तिकडे होती! धुलाईघरात होती, चादरींना इस्त्री करत होती!"

"असेल." ते उठले. "तुकडा तिकडे नेला म्हणून इथला मरतो होय?"

चहाची वेळ झाली होती. त्यांनी चहा केला, तीन कप भरले. एक धाकटीपुढं ठेवला. दोन घेऊन परसात गेले. धाकटी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. पानांच्या छत्र्यांखाली हिरवट अंधार होता. भावजींनी एक कप दगडावर ठेवला, दुसरा घेऊन जरा अलीकडे बसले आणि बोलू लागले. आज कुठली काच तडकली, कुणाचा नंबर वाढला, गिऱ्हाईक काय म्हणालं. मधेच थांबत, मान तिरकी करून ऐकत, आणि हसत. ताईशी सबंध संसारात जेवढं बोलले नसतील तेवढं ते त्या एका चहाला बोलले.

शेवटी कप घेऊन आत आले. दोन्ही कप रिकामे होते. दगडावरचा त्यांनीच प्यायला असेल. धाकटीनं तसं धरून चालायचं ठरवलं, कारण मधे एक पान आडवं आलं होतं आणि तिला नीट दिसलं नव्हतं.

त्याच दिवशी तिनं वळकटी बांधली. भावजींनी का म्हणून विचारलं नाही, साड्यांपासून टाचण्यांपर्यंत काही राहिलं का तेवढं पाहून दिलं. उंबऱ्याबाहेर पायरीवर बसून तिनं चपला काढल्या, उलट्या केल्या आणि तळव्यांच्या खाचांतली माती केसांतल्या आकड्यानं खरवडून काढली. कणही ठेवला नाही. मग चपला नळाखाली धुतल्या आणि ओल्याच घालून निघाली.

ताईचा फोन आता अधूनमधून येतो. आईशी ती अजून बोललेली नाही, धाकटीशी बोलते. परवा तिनं विचारलं, "चिडलेत का गं माझ्यावर?"

"नाही."

"रडतात?"

"नाही. काच घासतात. आणि परसात बसतात."

"कुणाबरोबर?"

धाकटीच्या हातातली सुई थांबली. दुसरं कुणी असतं तर 'का' म्हणून विचारलं असतं.

"कुणाबरोबर असणार, एकटेच," ती म्हणाली.

पलीकडे इस्त्रीच्या वाफेचा फसफस आवाज येत होता.

"मी कुणाला सांगत नाही," ताई म्हणाली, "पण हल्ली दुपारी पाठ टेकली ना, की पायांना गार लागतं. ओल्या मातीत घोट्यापर्यंत रुतल्यासारखं. आणि कुणीतरी जवळ बसून बोलतंय असं वाटतं, काचांबद्दल, नंबरांबद्दल. उठवत नाही मग. उठावंसंच वाटत नाही. उठले की तोंडात चहाची चव असते."

धाकटीनं रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. "दिवसभर उभं राहून काम करतेस, पायांना गारठा लागतो," ती म्हणाली. "झोपताना गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवत जा."

"तसंच करते," ताई म्हणाली.